पेज परत मिळालं, पण आता माझं कोण ऐकतंय?

मागच्या अंकात ओटीपीबद्दल लिहिलं आणि त्यानंतर पत्रांचा नुसता पाऊस पडला, आणि गंमत म्हणजे त्यातली निम्मी पत्रं बँकेतल्या पैशांबद्दल नाहीतच, ती पेज, चॅनल, इन्स्टाचं खातं, व्हॉट्सॲप ग्रुप याबद्दल आहेत. म्हणजे ज्यांचं गावात, वाडीत, तालुक्यात चार लोक ऐकतात अशा माणसांची. म्हणून या वेळी अख्खा कॉलम त्यांनाच दिलाय. नावं कुणाचीच छापत नाही, तुम्हीच तसं लिहिलं होतंत.

प्रश्न : नमस्कार ताई, मी देवरुखच्या बाजूचा. गेली सहा वर्षं एक पेज चालवतोय, कोकण रेल्वेच्या गाड्या, एसटीच्या जादा बसेस, घाटात काय परिस्थिती आहे, एवढंच टाकतो. ३८ हजार लोक जोडलेले आहेत आणि बहुतेक मुंबई-ठाण्याचे चाकरमानी. गणपतीच्या आधी तीन आठवडे मेसेज आला की तुमच्या पेजवर कॉपीराइटची तक्रार आहे, २४ तासांत अपील केलं नाही तर पेज कायमचं बंद. ऐन गणपतीत पेज बंद म्हणजे काय ते तुम्हाला कळेल. घाबरून लिंक उघडली, पासवर्ड टाकला, कोडसुद्धा टाकला. अर्ध्या तासात मी माझ्याच पेजच्या बाहेर. मग पोस्ट पडली की गणपती स्पेशलची कन्फर्म तिकिटं मिळतील, सीटमागे ५०० ॲडव्हान्स. आमच्या वाडीतल्याच चौघांनी भरले, बाकी किती ते देव जाणे. नवव्या दिवशी पेज परत मिळालं. पण आता गाडी लेट आहे एवढं साधं टाकलं तरी खाली कमेंट येते, परत हॅक झालंय काय रे? फॉलोअर तेवढेच आहेत पण पूर्वी जे शेअर व्हायचं ते होत नाही. लोकांचे पैसे मी द्यायचे काय? आणि हे असं किती दिवस चालणार?
(पेजवाला, देवरुख)

उत्तर : दादा, पैशांचं आधी घेते कारण त्याच्यानं तुमची झोप उडालीय असं दिसतंय. पैसे तुम्ही घेतले नाहीत, तुमचं नाव वापरून दुसऱ्यानं घेतले, आणि आयटी कायद्यात दुसऱ्याची ओळख किंवा पासवर्ड वापरण्याला ६६सी आणि दुसऱ्याचं सोंग घेऊन ऑनलाइन फसवण्याला ६६डी अशी दोन कलमं आहेत, दोन्हीत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. पण हे तुमच्या बाजूनं तेव्हाच उभं राहतं जेव्हा तुमची स्वतःची तक्रार कागदावर असते. तुमच्या पत्रात तक्रार केल्याचं कुठे दिसलं नाही मला. त्या चौघांपैकी एकजण जरी पोलीस स्टेशनला गेला तरी त्याच्या अर्जात तुमच्याच पेजचं नाव येणार ना. तेव्हा आजच्या आज सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तुमची तक्रार टाका, तो मेसेज, ती लिंक, त्या खोट्या पोस्टचे स्क्रीनशॉट, कुठून ते कुठपर्यंत पेज हातात नव्हतं त्या तारखा, सगळं जोडा. आणि ज्यांचे पैसे गेलेत त्यांना ज्याची त्याची वेगळी तक्रार करायला लावा, १९३० नंबरवर, यूपीआयचा बारा आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा नंबर हाताशी ठेवून. हा फोन पहिल्या तासा-दोन तासात गेला असता तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याचा चान्स चांगला असतो, आता उशीर झालाय, तरी करा.

आता तुमचा खरा प्रश्न. तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात पण सगळी गोष्ट त्या ओळीतच आहे, की फॉलोअर तेवढेच पण शेअर होत नाही. वजन फॉलोअरच्या आकड्यात नसतंच. २०१० साली मीयंग चा (चा हे आडनाव) या संशोधिकेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी ट्विटरवरच्या करोडो खात्यांचा अभ्यास केला होता, त्यात हेच निघालं की ज्याचे फॉलोअर जास्त त्याचं बोलणं लोक पुढे नेतातच असं काही नाही, पुढे नेणं ही वेगळीच गोष्ट आहे. तुमचं पेज ३८ हजारांमुळे चालत नव्हतं हो, घाटकोपरचा माणूस तुमची पोस्ट बघून न तपासता भावाला पाठवायचा म्हणून चालत होतं. चोरानं नेमकं ते 'न तपासता' वापरलं. त्याला तुमच्याशी काही देणंघेणं नाही, तुमच्यावर ज्यांचा भरवसा त्यांच्यापर्यंत जायची तुम्ही पायवाट.

आणि बघा की त्यानं आमिष कुठलं निवडलं. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या मिनिटांत फुल्ल होतात, प्रत्येक चाकरमान्याच्या घरात तिकिटाचं टेन्शन, अशा वेळी रोज गाड्यांची खरी माहिती देणारा माणूस सांगतोय की तिकिटं आहेत. हेच कुठल्या अनोळखी नंबरवरून आलं असतं तर त्या चौघांनी ढुंकून पाहिलं नसतं.

मोठ्यांचं पण असंच होतं बरं का. २३ एप्रिल २०१३ ला असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेचं ट्विटर खातं हॅक झालं आणि त्यावरून एकच ओळ पडली, व्हाइट हाउसमध्ये दोन स्फोट, ओबामा जखमी. तेवढ्यावर तिथल्या शेअर बाजारातले सुमारे १३६ अब्ज डॉलर काही मिनिटांपुरते हवेत गेले, मग खोटं आहे कळल्यावर बाजार परत वर आला. एक ओळ! तीच ओळ तुम्ही-आम्ही टाकली असती तर कोणी हसलं पण नसतं. आणि त्याची सुरुवात कशी झाली, तर ऑफिसातल्या लोकांना आलेल्या एका फसव्या ईमेलनं, तुमच्या कॉपीराइटच्या मेसेजसारखंच. आपल्याकडे १२ डिसेंबर २०२१ च्या पहाटे पंतप्रधानांच्या खात्यावरून थोडा वेळ असं दिसलं की भारतानं बिटकॉइनला कायदेशीर चलन केलंय. त्याच्या आधी जून २०१९ मध्ये अमिताभ बच्चनच्या खात्यावर रातोरात इम्रान खानचा फोटो. तेव्हा स्वतःला मूर्ख समजत बसू नका, तुम्ही चांगल्या पंगतीत आहात.

लोकांचा भरवसा परत कसा येतो याचं माझ्याकडे औषध नाही, पण कशानं येत नाही ते नक्की सांगते. झालेलं पुसून टाकल्यानं येत नाही. बहुतेक जण लाजेनं खोट्या पोस्ट डिलीट करतात आणि दुसऱ्या दिवशी 'शुभ सकाळ' टाकून मोकळे होतात, तुम्ही पण तेच केलं असणार. स्क्रीनशॉट काढून खोट्या पोस्ट खुशाल काढा, पण त्यांच्या जागी एक पोस्ट पिन करा, या तारखेच्या या वेळेपासून या वेळेपर्यंत पेज माझ्या हातात नव्हतं, तिकिटाची पोस्ट माझी नव्हती, मी कधीच पैसे मागत नाही, तक्रारीचा नंबर हा. हेच तुमच्या मुंबईच्या मंडळाच्या ग्रुपवर टाका, देवळात आरतीला लोक जमतात तिथं तोंडानं सांगा, कारण ज्या पेजवर संशय आहे त्याच पेजवरून 'आता सगळं ठीक आहे' हे कोण मानणार? हॅकरनंही तसंच लिहिलं असतं की. आणि पुढचे दोन-तीन महिने गाडी लेट म्हणालात तर सोबत रेल्वेच्या ॲपचा स्क्रीनशॉट लावा. कंटाळवाणं आहे पण करा. त्या 'परत हॅक झालंय काय रे' कमेंटवर चिडू नका, ते विचारणारे लोक आता शहाणे झालेत, ही तर चांगलीच गोष्ट झाली.

अजून एक, पेजला दुसरा ॲडमिन ठेवा, विश्वासातला, त्याच्याकडे पण टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारणारं कुलूप) चालू असलेला. आणि पेज बंद करू अशी धमकी आली की लिंक न दाबता स्वतः ॲप उघडून त्यातल्या नोटिफिकेशनमध्ये बघायचं, तिथं काही नसेल तर काही नाहीच. ज्याला गमवायला काही आहे तोच त्या २४ तासांना घाबरतो, म्हणून हे मेसेज पेजवाल्यांनाच येतात.

प्रश्न : ताई, मी रत्नागिरीत कॉलेजला आहे, शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्ट घेतलाय सोशल नेटवर्कमध्ये इन्फ्लुएन्शियल युजर कसे शोधायचे आणि त्यांच्यावर सायबर अटॅक झाला तर नेटवर्कचं काय होतं. डिग्री, बिटवीननेस, पेजरँक सगळं वाचलं पण सर म्हणाले की तुला आकडे काढता येतात, अर्थ सांगता येत नाही.
(एक विद्यार्थिनी)

उत्तर : सर बरोबर बोलले गं, पण रागावू नकोस, हे सगळ्यांचंच होतं. तू कागदावरचं नेटवर्क बाजूला ठेव आणि मुंबई-गोवा हायवे डोळ्यासमोर आण.

डिग्री म्हणजे थेट किती जण जोडलेत, रत्नागिरीच्या स्टँडवरून किती गावांना एसटी सुटते तसं. पेजरँक म्हणजे जोडलेले कोण आहेत तेही बघायचं, वजनदार माणसानं तुला फॉलो केलं तर तुझं वजन वाढतं. आणि बिटवीननेस म्हणजे परशुराम घाट. घाटात वस्ती किती, तर नगण्य, पण खेडकडचा माणूस चिपळूणला जायचा तर वाट तिथूनच. घाट बंद झाला की चिरणीमार्गे जायचं, वेळ जातो, त्या लहान रस्त्यावर गर्दी होते, आणि ज्या टपरीवर दिवसाला चार चहा जायचे तिथं रांग लागते. तुझ्या प्रोजेक्टमध्ये एक नोड, म्हणजे जाळ्यातलं एक खातं, काढून टाकल्यावर बाकीच्यांचं रँकिंग बदलतं ना, ते हे. हल्ल्यानंतर कोण नवीन मोठा झाला ते पण बघ, ते बहुतेक जण विसरतात.

आता हल्ला. २००० साली अल्बर्ट, जियोंग आणि बाराबाशी या तिघांनी नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात एक पेपर लिहिला, तो तुला वाचायलाच लागेल. इंटरनेट किंवा वेबसारख्या जाळ्यात थोड्या नोडना खूप जास्त जोडण्या असतात आणि बाकीच्यांना थोड्या. अशा जाळ्यातले नोड कसेही, चिठ्ठ्या टाकून काढले तर फारसा फरक पडत नाही, पण सगळ्यात जास्त जोडलेले ५ टक्के निवडून काढले तर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायचं सरासरी अंतर साधारण दुप्पट होतं. म्हणजे अपघात सहन होतो, नेम धरलेला हल्ला होत नाही.

पण इथं तुझी एक चूक होईल म्हणून सांगते, माझीही व्हायची. पेपरमध्ये नोड काढून टाकतात. सोशल मीडियावरचा चोर खातं काढत नाही, तो त्यात राहायला येतो. घाट बंद झाला तर लोकांना दिसतो, पाटी लागते, पोलीस उभा असतो. पण समज घाट चालूच आहे आणि पाटी फिरवून ठेवलीय, चिपळूणचा बाण भलतीकडेच, तर? मोठा नोड गायब झाला तर नुकसान त्याच्या गप्प होण्याचं, तो चोराच्या हातात गेला तर नुकसान त्याच्या बोलण्याचं. दोन्ही वेगळे मांड. आणि तिसरी बाजू पण आहे, बचावाची. १५ जुलै २०२० ला ट्विटरच्या कर्मचाऱ्यांना फोनवर फसवून हॅकर आतल्या टूलपर्यंत पोचले, १३० खाती निशाण्यावर, त्यातल्या ४५ वरून ट्वीट टाकले, ओबामा, बायडन, बिल गेट्स, मस्क, सगळे म्हणतायत की हजार डॉलरचे बिटकॉइन पाठवा, दोन हजारांचे परत देतो. हे आवरायला कंपनीनं काय केलं, तर ब्लू टिकवाल्या, म्हणजे तेव्हा कंपनीनं खरी म्हणून पडताळलेल्या, खात्यांना ट्वीट करायचीच तात्पुरती बंदी घातली. म्हणजे ज्यांना काही झालं नव्हतं ते मोठे नोड पण गप्प. यात सूत्रधार म्हणून पकडला गेला तो फ्लोरिडातला १७ वर्षांचा मुलगा, तुझ्याहून लहान. हा एक प्रसंग जरी तुझ्या ग्राफवर नीट मांडलास, आधी १३० नोडवर संशय, मग सगळे टिकवाले शांत, मग माहिती कुठल्या वाटेनं फिरली, तरी सरांना अर्थ दिसेल.

आणि डेटा म्हणून कुणाच्या खऱ्या खात्यांची नावं घेऊ नकोस, त्यांच्या जागी क्रमांक घाल.

प्रश्न : ताई, आमचा मालवणला होमस्टे आहे आणि माझा जेवणाचा चॅनल आहे, सोलकढी, तिसऱ्या, घावणे, सगळं दाखवते. एका मसाला कंपनीचं मेल आलं कोलॅबसाठी, करार म्हणून फाइल जोडलेली. उघडली तर काहीच उघडलं नाही, मी सोडून दिलं. सकाळी उठून बघते तर माझ्या चॅनलचं नाव बदललेलं आणि त्यावर कुठल्यातरी क्रिप्टोचं (बिटकॉइनसारख्या ऑनलाइन चलनाचं) लाइव्ह चालू. माझा पासवर्ड मी कुणालाही दिला नव्हता, टू-स्टेप पण चालू होतं. मग गेलं कसं?
(होमस्टेवाली, मालवण)

उत्तर : तुम्ही पासवर्ड दिला नाही हे खरंच आहे, चोराला तो लागलाच नाही. आपण एकदा लॉगइन केलं की ब्राउझर एक खूण जपून ठेवतो, सेशन कुकी म्हणतात, म्हणून दर वेळी पासवर्ड विचारत नाही. लग्नात दारावर एकदा आमंत्रणपत्रिका दाखवली आणि हातावर शिक्का मारला की नंतर कितीही वेळा आतबाहेर करा, शिक्काच बघतात, तसं. त्या 'करार' फाइलमध्ये एक लहानसा प्रोग्रॅम होता, त्यानं तुमचा शिक्का उतरवून नेला. टू-स्टेप दारावर उभं असतं, आत आलेल्याला ते विचारत नाही.

कॅनडातला लायनस टेक टिप्स हा चॅनल, कॉम्प्युटरचंच शिकवतो, दीड कोटीच्या वर सबस्क्रायबर. मार्च २०२३ मध्ये त्यांच्या एका माणसानं स्पॉन्सरशिपचं पीडीएफ समजून अशीच फाइल उघडली आणि चॅनलवर मस्कचा चेहरा लावून क्रिप्टोचं लाइव्ह सुरू. कॉम्प्युटरवाल्यांचं हे, तर घावणेवाल्यांचं काय घेऊन बसलात. आणि २० सप्टेंबर २०२४ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या यूट्यूब चॅनलवर सुनावणीऐवजी क्रिप्टोची जाहिरात दिसत होती. (न्यायालयाचा चॅनल बघणारे क्रिप्टो घेतील असं चोराला का वाटलं हे मला अजून कळलेलं नाही. त्याला बहुतेक नुसते सबस्क्रायबर दिसतात.)

चॅनलच का, ते पण सांगते. नवा चॅनल काढून लाइव्ह केलं तर बघणार कोण? जुन्या, नावाच्या चॅनलला आयते बघणारे असतात, नोटिफिकेशन थेट त्यांच्या मोबाइलवर वाजते. तुमची सहा-सात वर्षांची मेहनत त्याला एका रात्रीत हवी असते, सकाळपर्यंत पकडला गेला तरी त्याचं काम झालेलं असतं.

आता करायचं काय. तो लॅपटॉप आधी नेटवरून काढा. मग दुसऱ्या, स्वच्छ मोबाइलवरून गुगल खात्याचा पासवर्ड बदला आणि सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा, नुसता पासवर्ड बदलून थांबू नका. यूट्यूबच्या मदत पानावर हॅक झालेल्या चॅनलसाठी वेगळा मार्ग आहे तिथून अर्ज करा, चॅनलचं मूळ नाव आणि लिंक देऊन. लॅपटॉप पूर्ण फॉरमॅट करून घ्या, नुसता अँटिव्हायरस फिरवू नका. चॅनल परत आला तरी काही व्हिडिओ चोरानं लपवलेले असतात, ते डिलीट झालेत समजून रडू नका, आधी प्रायव्हेटमध्ये बघा. आणि पुढं कोलॅबची मेलं बघायला वेगळा जुना मोबाइल ठेवा, ज्याच्यावर चॅनलचं लॉगइनच नाही. मसालेवाल्यांना खरोखर करार करायचा असेल तर ते फोन करतील, मालवणपर्यंत येतील, जेवूनही जातील.

तुमच्या होमस्टेच्या बुकिंगचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण चॅनलचं आणि बुकिंगचं मेल एकच असेल तर ते आजच वेगळं करा, आणि त्या दिवसांत कुणाला तुमच्या नावानं ॲडव्हान्सचा मेसेज गेलाय का तेही बघा.

प्रश्न : देवगडवरून लिहितोय. माझं इन्स्टा हॅक झालेलं नाही. पण माझेच बागेतले फोटो, माझंच नाव, फक्त शेवटी एक अंडरस्कोर, असं दुसरं खातं काढून कोणीतरी हापूसच्या पेट्यांचे पैसे घेतोय. गिऱ्हाईक शिव्या मला घालतात.

उत्तर : तुमचं घर फोडलं नाही, बाजूला तसंच घर बांधलं. पासवर्ड बदलून याला काही उपयोग नाही. त्या खात्याला 'दुसऱ्याचं सोंग' म्हणून रिपोर्ट मारा, तुमच्या गिऱ्हाइकांनाही मारायला सांगा, आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला, त्याचं नाव-पत्ता साइटवर द्यायला लागतो, लेखी मेल करा. तिथं निकाल पटला नाही तर ३० दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नाही. पोलीस तक्रार वर सांगितलीच. आणि पेटीवर, बिलावर, प्रत्येक रीलमध्ये पैसे घ्यायचा तुमचा एकच नंबर छापा, हंगामात तो बदलू नका. नंबर सारखा बदलणाऱ्यांच्या गिऱ्हाइकांना खरा-खोटा कळणार कसा? हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाची सरकारी नोंद, मिळाला तरी कर्नाटकी आंबा देवगड म्हणून विकला जातोच, तर तुमच्या नावाचं काय.

प्रश्न : मी हर्णैचा, मच्छीमारांच्या ग्रुपचा ॲडमिन. लिलावाचे दर, वाऱ्याचा अंदाज, कुठल्या बोटीला मदत हवी, सगळं माझ्याकडून जातं, त्यामुळे आजूबाजूच्या बंदरांतले लोक पण जोडलेत. एक दिवस दुपारी रेंज गेली. आमच्याकडे रेंज जाणं म्हणजे काय नवीन, मी जाळं शिवत बसलो. संध्याकाळी पोरगा धावत आला, म्हणाला तुमच्या नंबरवरून सगळ्यांकडे पैसे मागतायत. सिम कंपनीच्या दुकानात गेलो तर म्हणाले तुमचं सिम दुपारीच बदललंय. मी बदललंच नाही.

उत्तर : काका, तुमच्या पत्रातलं 'रेंज जाणं म्हणजे काय नवीन' हे वाक्य मी माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या भिंतीवर लावणार आहे. शहरात तासभर रेंज गेली की माणूस कासावीस होतो, आपण टॉवरला दोन शिव्या घालून कामाला लागतो. चोराला ते तासच हवे असतात. कोणीतरी तुमची कागदपत्रं दाखवून तुमच्या नंबरचं नवीन सिम काढलं, तुमचं मेलं, त्याचं जिवंत झालं, आणि मग व्हॉट्सॲपचा कोड त्याच्याकडे.

ट्विटर काढणाऱ्या जॅक डॉर्सीचं स्वतःचं ट्विटर खातं ऑगस्ट २०१९ मध्ये याच वाटेनं गेलं. आणि जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं, एसईसीचं, खातं सिम बदलून घेतलं आणि बिटकॉइनच्या फंडांना मंजुरी मिळाली अशी खोटी बातमी सोडली. नंतर कळलं की त्यांनी आपलं टू-स्टेप काही महिन्यांपासून बंद ठेवलं होतं. जगाला नियम शिकवणारे हे!

तुमच्याकडे साधी तपासणी अशी करा. रेंज गेली की शेजारी ज्याच्याकडे त्याच कंपनीचं सिम आहे त्याचा मोबाइल बघा. त्याला रेंज आहे आणि तुम्हाला नाही, मोबाइल बंद-चालू करूनही नाही, तर ताबडतोब त्याच्या फोनवरून कंपनीला फोन करून सिम बंद करायला सांगा आणि बँकेला कळवा. फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या ट्रायनं १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही असं केलंय, त्यानं एक वाट बुजली पण तुमची जी झाली ती नाही बुजली. व्हॉट्सॲपला टू-स्टेपचा सहा आकडी पिन लावा, मग नुसतं सिम मिळवून खातं उघडत नाही.

पैशांपेक्षा मला तुमच्या ग्रुपची दुसरीच भीती वाटते. समजा त्यानं पैसे मागितले नसते आणि नुसतं टाकलं असतं की वारा उतरलाय, बोटी सोडा. तुमचं नाव बघून किती जण गेले असते? ट्विटरनं २०२० मध्ये टिकवाल्यांना गप्प केलं त्यात इलिनॉयमधल्या हवामान कार्यालयाचं खातंही अडकलं होतं, आणि तेव्हा तिथं टोर्नेडोचा इशारा चालू होता. आपण निसर्ग वादळ बघितलंय ३ जून २०२० ला, हर्णै-दापोलीला ते सांगायला नको. म्हणून हवामानाचा मेसेज एकट्या ॲडमिनच्या नावावर चालू ठेवू नका. हवामान खात्याचा किंवा लाटांसाठी हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा मूळ इशारा जोडलेला असेल तरच मानायचा, आणि दुसऱ्या बंदरातल्या एका माणसानं त्याला 'बघितलं' म्हणायचं, असं ठरवून टाका. सोसायटीच्या भोंग्यावरून पण सांगा. भोंगा हॅक होत नाही, फार तर वायर तुटते.

प्रश्न : माजी नात म्हणता इन्स्टार पासवर्ड बदल, टू-स्टेप कर. माजे फॉलोअर २१२. माका कोण कशाक हॅक करतलो?
(आजी, वेंगुर्ला)

उत्तर : आजी, नात बरोबर सांगता. फेसबुकवर २०१८ मध्ये जी मोठी चोरी झाली ना, तिची सुरुवात सुमारे ४ लाख खात्यांपासून झाली, मग त्यांचे मित्र, मित्रांचे मित्र असं करत सुमारे ३ कोटी लोकांच्या लॉगइनच्या चाव्या गेल्या. सुरुवातीचे ते सगळे काही मोठे लोक नव्हते.

तुमचे २१२ कोण कोण आहेत ते मी तुमच्या नातीकडून विचारून घेतलं (तिनंच पत्र टाइप केलं होतं ना). तिघी वहिनी वेंगुर्ल्यात, पोरगा ठाण्यात, भाचे गोव्यात, एक पुतणी दुबईला, आणि वर त्या दशावताराच्या पेजचा ॲडमिन, ज्याला तुम्ही दर वर्षी जत्रेत जेवायला घालता. त्याचे ६० हजार फॉलोअर. त्याला अनोळखी माणसानं लिंक पाठवली तर तो उघडणार नाही, तो आता हुशार झालाय. पण 'बाळा, ह्या बघ रे' असं म्हणून तुमच्या खात्यावरून आली तर? दुबईची पुतणी आणि वेंगुर्ल्यातल्या वहिनी यांच्यामधे पण तुमच्याशिवाय दुसरं कोणी नाही, म्हणजे वर त्या रत्नागिरीच्या पोरीला जो घाट सांगितला ना, तो तुम्ही.

नातीला समोर बसवा आणि टू-स्टेप करून घ्या, दहा मिनिटांचं काम. बॅकअप कोड मिळतील ते मोबाइलात ठेवू नका, कागदावर लिहून तांदळाच्या डब्यात नको, तिथं पोरकिडे होतात, देव्हाऱ्याच्या खणात ठेवा. व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस म्हणून आहे तिथं कुठला अनोळखी कॉम्प्युटर दिसतो का तेवढं बघायला सांगा तिला. आणि तुमचा घावणे उलटतानाचा रील मी बघितला, २१३ वी मी.